बुरशीची प्लेट आणि कॅटेगरीचे बाण: दोन्हीकडे काम करताना या चुका टाळा

सिक्वेन्सिंगचा, म्हणजे डीएनएची अक्षरं वाचण्याचा, निकाल स्क्रीनवर उघडता. पहिली दीडेकशे अक्षरं सुरेख दिसतात: प्रत्येक जागी एकच टोकदार शिखर, तळाशी काही गडबड नाही. मग एका जागेपासून पुढे सगळीकडे दोन-दोन शिखरं एकमेकांवर चढलेली, आणि सॉफ्टवेअरनं तिथून पुढे 'एन, एन, एन' (म्हणजे अक्षर ठरत नाही) असंच लिहीत नेलेलं. मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा कल्चरमध्ये दुसरी बुरशी शिरली असं समजून प्लेट टाकून दिली. नवं कल्चर लावलं, डीएनए पुन्हा काढला, पुन्हा पाठवला. पुन्हा तेच, आणि गोंधळ नेमका त्याच अक्षरापासून सुरू.

भेसळ इतकी शिस्तीत वागत नाही. दोन वेगळ्या प्रजाती मिसळल्या असतील तर शिखरं बहुधा सुरुवातीच्या भागापासूनच दुहेरी होतात. एका ठरावीक जागेनंतरच सगळं दुहेरी होत असेल तर त्या जागी एखादं अक्षर जास्त किंवा कमी आहे, आणि त्या एका अक्षरामुळे पुढची सगळी रांग सरकली आहे. उलट्या दिशेचा प्राइमर (वाचन जिथून सुरू होतं तो डीएनएचा छोटा तुकडा) लावून बघा. तिकडून येतानाही वाचन स्वच्छ असेल आणि त्याच जागेपाशी येऊन बिघडत असेल तर निदान जवळजवळ पक्कं: बुरशी एकच आहे, तिच्यात वाचलेल्या डीएनए-पट्ट्याच्या दोन आवृत्त्या आहेत.

वनस्पती आणि बुरशीवर प्रयोग करणारे आणि त्याच वेळी उच्च कॅटेगरी थिअरी (वस्तू, त्यांच्यामधले बाण आणि बाणांमधलेही बाण अभ्यासणारं गणित) शिकणारे लोक थोडे आहेत, पण आहेत. त्यांच्या वह्या पाहताना आणि माझ्या जुन्या वह्या चाळताना एक गोष्ट सारखी जाणवते. दोन्ही विषयांतल्या बहुतेक चुका एकाच ठिकाणी होतात: 'हे आणि ते एकच' असं आपण लिहितो आणि ते कशावरून एकच, हे लिहायचं राहून जातं. वरची प्लेट मी टाकली ती याच कारणानं. एक बुरशी म्हणजे एकच सिक्वेन्स, असं मी मनात धरून बसलो होतो.

दुहेरी शिखर दिसलं की प्लेट फेकणं

बुरशीची ओळख पटवणारा बारकोड म्हणून आयटीएस हा डीएनएचा पट्टा २०१२ मध्ये रीतसर सुचवला गेला. तो सोयीचा आहे, कारण केंद्रकात त्याच्या पुष्कळ प्रती असतात आणि थोड्याशा डीएनएतूनही तो सहज वाढवता येतो. अडचणही तीच आहे. पुष्कळ प्रती म्हणजे त्या सगळ्या तंतोतंत असतीलच असं नाही. शिवाय छत्रीवाल्या बुरशींच्या गटात, म्हणजे बॅसिडिओमायसीट्समध्ये, एकेका पेशीत दोन वेगळ्या पालकांची दोन केंद्रकं दीर्घकाळ शेजारी शेजारी राहतात आणि शेवटी बीजाणू तयार होण्याच्या वेळीच एकत्र येतात. म्हणजे फरक दोन केंद्रकांमधला असू शकतो किंवा एकाच केंद्रकातल्या दोन प्रतींमधला.

यातलं कोणतं, हे ठरवता येतं. एकाच बीजाणूपासून कल्चर वाढवा. दुहेरी शिखरं गेली तर फरक दोन केंद्रकांमध्ये होता. एकाही बीजाणूच्या कल्चरमध्ये ती जात नसतील तर फरक केंद्रकाच्या आतच आहे, आणि मग तो पट्टा क्लोन करून एकेक प्रत वेगळी वाचण्याशिवाय इलाज नाही.

मुळांमधून थेट डीएनए काढत असाल तर आणखी एक तपासणी आधी करा. १९९० चे मूळ प्राइमर वनस्पतीचा डीएनएही वाढवतात. बुरशीकडे झुकणारा आयटीएस-१-एफ हा प्राइमर १९९३ मध्ये आला तो याच अडचणीपायी. मुळातली 'गूढ बुरशी' म्हणून आठवडाभर जपलेला सिक्वेन्स त्या झाडाचाच निघतो, हे मी एकापेक्षा जास्त वेळा पाहिलं आहे.

'सारखं' लिहून पुरावा पुसणं

बुरशीच्या नावांचा इतिहास कॅटेगरी थिअरी शिकणाऱ्यानं मुद्दाम वाचावा. कितीतरी बुरशींना वर्षानुवर्षं दोन अधिकृत नावं होती. लैंगिक अवस्था वेगळी सापडली, तिला एक नाव. अलैंगिक अवस्था वेगळी सापडली, तिला दुसरं. ट्रायकोडर्मा रीसाय आणि हायपोक्रिया जेकोरिना ही एकाच बुरशीची दोन नावं. २०११ च्या मेलबर्न परिषदेत ही दुहेरी पद्धत रद्द झाली आणि १ जानेवारी २०१३ पासून एका बुरशीला एकच नाव हा नियम पूर्णपणे लागू झाला.

नियम चांगला आहे. चूक होते ती आपल्या तक्त्यांमध्ये. जुनी नोंद उघडायची, जुनं नाव खोडायचं, नवं टाकायचं आणि पुढे जायचं. असं केलं की नमुना कोणत्या अवस्थेत गोळा झाला होता ही माहिती कायमची जाते, कारण ती त्या जुन्या नावातच दडलेली होती. त्याऐवजी तक्त्यात दोन्ही नावं राहू द्या आणि त्यांच्यामध्ये एक रकाना ठेवा: कोणत्या आधारावर एक मानलं? एकाच बीजाणूच्या कल्चरमधून दोन्ही अवस्था मिळाल्या म्हणून, सिक्वेन्स जुळला म्हणून, की कुणीतरी शेजारी शेजारी वाढताना पाहिलं म्हणून? तिन्ही पुरावे सारख्या वजनाचे नाहीत. तिसरा तर फारच कच्चा आहे.

कॅटेगरीच्या भाषेत हा रकाना म्हणजे आयसोमॉर्फिझम, उलट दिशेनंही परत येता येणारा बाण. 'दोन वस्तू आयसोमॉर्फिक आहेत' हे विधान आणि 'हा घ्या त्यांच्यामधला आयसोमॉर्फिझम' ही माहिती, यांत मोठं अंतर आहे. पहिल्यात फक्त हो किंवा नाही आहे. दुसऱ्यात निवड आहे, आणि ती निवड पुढच्या प्रत्येक हिशोबात सोबत येते. उच्च कॅटेगरीत ही निवडसुद्धा एकटी नसते: दोन आयसोमॉर्फिझम एकमेकांशी कसे जोडलेले आहेत, ही त्याच्या वरची माहिती.

ही वरची माहिती पुसली तर काय होतं याचं गणितातलं उदाहरण फार मोठ्या माणसांचं आहे. १९९१ मध्ये काप्रानोव्ह आणि व्होएव्होद्स्की या गणितज्ञांनी एक निबंध प्रसिद्ध केला. आकारांची होमोटोपीची (ताणून-वाकवूनही टिकणारी) सगळी माहिती काटेकोर अनंत-ग्रुपॉइडमध्ये (सगळ्या पातळ्यांवरचे बाण उलटवता येतील अशा रचनेत) मावते, असा त्यात दावा होता. काटेकोर म्हणजे जिथे कंस कसेही घातले तरी उत्तर 'एकच', नुसतं 'समतुल्य' नव्हे. १९९८ मध्ये कार्लोस सिम्पसन यांनी दाखवलं की हे खरं असू शकत नाही: साध्या द्विमितीय गोलाच्या पृष्ठभागाची तिसऱ्या पातळीपर्यंतची माहितीसुद्धा काटेकोर ३-ग्रुपॉइडमध्ये बसत नाही. दोन द्विमितीय वेटोळ्यांची जागा आपसांत बदलताना जो एक पीळ पडतो तो काटेकोर रचनेत शून्य होऊन जातो. निबंधात नेमकं कुठं चुकलं याची व्होएव्होद्स्कींची स्वतःची खात्री २०१३ मध्ये पटली. तोवर त्यांना फील्ड्स पदक मिळून ११ वर्षं झाली होती. संगणकाकडून पुरावे तपासून घ्यायच्या कामाला त्यांनी वाहून घेतलं, त्यामागे असे अनुभव होते, आणि ते त्यांनी उघडपणे सांगितलं. मला या गोष्टीचा फार आदर वाटतो.

आपल्या कामात याचा व्यावहारिक अर्थ असा. मोनॉइडल कॅटेगरीत (जिथे वस्तू शेजारी ठेवून जोडता येतात) कंसांची चिंता सोडता येते, ती १९६३ च्या मॅक लेन यांच्या कोहेरन्स प्रमेयामुळे. पण अदलाबदलीची चिंता सोडता येत नाही. 'कोहेरन्स प्रमेयामुळे सगळ्या आकृत्या जुळतात' (म्हणजे कोणत्याही वाटेनं गेलं तरी उत्तर एकच) हे वाक्य वहीत दिसलं तर तिथे थांबा. प्रमेय फक्त रचनेच्या बाणांपासून औपचारिकपणे बांधलेल्या आकृत्यांबद्दल बोलतं. तुमच्या मोजमापातून आलेला एक जरी बाण आकृतीत असेल तर ती जुळते की नाही हे मोजूनच कळणार.

बाण आपोआप जोडले जातात असं धरणं

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. पहिल्या झाडाकडून बुरशीला कार्बन जातो. बुरशीकडून दुसऱ्या झाडाच्या मुळात कार्बन जातो. म्हणून पहिलं झाड दुसऱ्याला कार्बन देतं. कॅटेगरी शिकलेल्या माणसाच्या हाताला ही जोडणी इतकी सवयीची असते की ती एक जैविक दावा आहे हे ध्यानातच येत नाही.

१९९७ मध्ये सुझॅन सिमर्ड आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेला जंगलातला प्रयोग बघा. कागदी भूर्ज आणि डग्लस फर यांची रोपं शेजारी लावली, एकाला कार्बन-१३ आणि दुसऱ्याला कार्बन-१४ असा खुणेचा वायू दिला, म्हणजे कुठून कुठे काय गेलं ते दोन्ही दिशांनी वेगळं मोजता यावं. तिसरं रोप होतं लाल सीडरचं. ते का, तर या सीडरची मुळं त्या दोघांच्या बुरशीशी नातं जोडत नाहीत. बुरशीच्या वाटेनं त्याला काही मिळायला नको. फरला निव्वळ फायदा झाला तो प्रकाशसंश्लेषणातून घेतलेल्या खुणेच्या कार्बनच्या सरासरी ६ टक्के. आणि सीडरमध्येही थोडा खुणेचा कार्बन सापडला. म्हणजे काही भाग मातीच्या वाटेनंही फिरतो. ते तिसरं रोप लावण्यातच या प्रयोगाची खरी हुशारी होती, आणि या प्रयोगाचा नुसता उल्लेख करणाऱ्यांच्या लिखाणात नेमकं तेच रोप गाळलेलं असतं.

पुढचा प्रश्न असा की मुळात सापडलेला कार्बन झाडाचा झाला का? मुळाचा तुकडा घेता तेव्हा त्यात झाडाच्या पेशी असतात आणि त्यांच्यात शिरलेली बुरशीही असते. खुणेचा कार्बन बुरशीच्या स्वतःच्या चरबीत पडून असेल तर तो झाडापर्यंत पोहोचलाच नाही, फक्त झाडाच्या अंगात राहणाऱ्या बुरशीपर्यंत पोहोचला. म्हणून मुळावर थांबू नका. खोड आणि पानं मोजा. आणि वाटा एकेक करून बंद करा: मुळं अडवून तंतू जाऊ देणारी बारीक जाळी, तंतू तोडण्यासाठी अधूनमधून फिरवायचं जाळीचं नळकांडं, मातीतलं पाणी अडवण्यासाठी हवेची फट. तीन अडथळे, तीन वेगळे बाण. २०२३ मध्ये या क्षेत्रातल्याच तीन संशोधकांनी जुन्या पुराव्यांचा आढावा घेऊन लिहिलं की जंगलातल्या सामाईक बुरशीजाळ्याबद्दलचे लोकप्रिय दावे प्रत्यक्ष मैदानी पुराव्यांच्या फार पुढे गेले आहेत. बुरशीजाळं नाहीच, असं त्यांनी म्हटलेलं नाही. जोडणी गृहीत धरली जाते आहे, असं म्हटलं आहे.

गणिताच्या बाजूनं दुरुस्ती कुठं करायची? जाळ्याचा ग्राफ घेऊन त्यावर मुक्त कॅटेगरी उभी करणं ही पहिली उडी असते. मुक्त कॅटेगरीत प्रत्येक वाट हा एक बाण, त्यामुळे जोडणी फुकटात मिळते. पण बुरशीचे तंतू एकमेकांना मिळून वेटोळी तयार करतात, आणि ग्राफमध्ये एक जरी दिशेचं वेटोळं आलं की बाणांची संख्या अनंत होते. त्यातले बहुतेक बाण कोणत्याच कार्बनचा प्रवास सांगत नाहीत. त्याऐवजी बुरशीची साठवण वस्तूतच धरा: 'बुरशी' ही वस्तू न ठेवता 'इतका साठा, इतक्या वेळी असलेली बुरशी' ही वस्तू ठेवा. मग जोडणी तेव्हाच होते जेव्हा पहिल्या बाणाचा शेवटचा साठा आणि दुसऱ्याचा सुरुवातीचा साठा जुळतो. कागद जास्त लागतो, पण खोटी जोडणी लिहिताच येत नाही.

तुकडे वेगळे वाढवून नंतर जोडणं

१९६८ मध्ये आरिस्टिड लिंडेनमायर यांनी पेशींच्या वाढीसाठी एक साधी भाषा मांडली. दोन अक्षरं घ्या. नियम: अ च्या जागी अब लिहा, ब च्या जागी अ. सुरुवात अ पासून. मग ओळी अशा येतात: अ, अब, अबअ, अबअअब, अबअअबअबअ. लांबी १, २, ३, ५, ८.

आता चौथी ओळ मधून कापा: अबअ आणि अब. दोन्ही तुकडे वेगवेगळे एक पायरी वाढवा: पहिल्याचं होतं अबअअब, दुसऱ्याचं अबअ. जोडा. अबअअबअबअ, म्हणजे न कापता वाढवल्यावर जे आलं असतं तेच. गणितात याला म्हणायचं, वाढ हा मुक्त मोनॉइडचा (अक्षरांच्या ओळी एकापुढे एक जोडण्याच्या रचनेचा) स्वतःकडे जाणारा होमोमॉर्फिझम, म्हणजे जोडणी जपणारा नियम, आहे. सुंदर गोष्ट आहे, आणि इथेच पाय घसरतो. 'कापून वाढवा, मग जोडा' आणि 'आधी जोडा, मग वाढवा' यांत फरक पडत नाही, हे जीवशास्त्रातलं एक कडक विधान आहे: शेजारच्या पेशीला शेजारचं काही कळत नाही. लिंडेनमायर यांना हे पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच शेजाऱ्यांकडे बघून वाढणारे नियमही त्यांनी सुरुवातीपासूनच दिले होते. साधी आवृत्ती उचलून ती बुरशीला लावतो ती चूक आपली.

बुरशीला शेजारी कळतो. एका प्लेटवर एकाच स्ट्रेनचे दोन ठिपके ठेवा. मधोमध भेटल्यावर तंतू एकमेकांत मिसळतात, पेशीद्रव्य एक होतं, आणि दोनाची एक वसाहत होते. आता न जुळणाऱ्या दोन स्ट्रेनचे ठिपके ठेवा. भेटीच्या रेषेवर मिसळलेल्या पेशी मरतात आणि प्लेटवर सरळ दिसणारी एक सीमा उभी राहते. न्यूरोस्पोरा क्रासा या बुरशीमध्ये या नकाराला जबाबदार असलेली किमान ११ जनुकस्थानं माहीत आहेत. तंतू ब्लेडनं कापला तरी तो गप्प बसत नाही. न्यूरोस्पोरासारख्या अॅस्कोमायसीट्समध्ये आडपडद्यातल्या भोकाजवळ वोरोनिन बॉडी नावाची छोटी गोळी असते, ती लगेच भोकात बसते आणि गळती थांबवते. म्हणजे कापलेला तुकडा हा मूळ तंतूचा नुसता भाग उरत नाही. त्याच्या टोकाला बूच बसलेलं असतं.

म्हणून वाढीला काटेकोर मोनॉइडल फंक्टर (एका कॅटेगरीतल्या वस्तू आणि बाण दुसरीत नेणारा नियम) म्हणू नका, शिथिल म्हणा. शिथिल फंक्टरमध्ये 'वेगळं वाढवून जोडलेलं' याकडून 'जोडून वाढवलेलं' याकडे एक बाण असतो, आणि तो उलटवता येईलच असं नाही. प्लेटवरची ती सीमारेषा, तो मिसळलेला पट्टा, ती वोरोनिन बॉडी, सगळं या एका बाणात राहतं. मोजायचं ते हेच.

आणि एक तपासणी. शिथिल फंक्टरला तीन तुकड्यांची अट असते: पहिला-दुसरा आधी जोडा की दुसरा-तिसरा, शेवट एकच यायला हवा. तीन ठिपक्यांच्या प्लेटवर ही अट बऱ्याचदा मोडते, कारण आधी भेटलेले दोघं तिसरा येईपर्यंत बदललेले असतात. अशा वेळी थिअरी सोडून देऊ नका. तुमच्या वस्तूत वेळ लिहिलेला नाही, तो आधी लिहा.

केंद्रकं मोजायची की ओळखायची?

पेट्री नेट हे साधन जीवशास्त्रात लोकप्रिय आहे: जागा, टोकन आणि टोकन हलवणाऱ्या क्रिया. १९९० मध्ये मेसेगेर आणि मोन्तानारी यांनी दाखवलं की पेट्री नेटमधून मोनॉइडल कॅटेगरी तयार होते. त्यांच्या रचनेत टोकन सामूहिक असतात. एका जागेतली दोन टोकनं आपसांत बदलली तर काहीच घडलं नाही असं धरायचं.

आता बॅसिडिओमायसीटचा तंतू सूक्ष्मदर्शकाखाली बघा. पेशीत दोन केंद्रकं, दोन पालकांची. ती जवळपास एकाच वेळी विभागतात, आणि पेशीच्या बाजूला एक छोटा आकडा फुटून मागच्या पेशीला जाऊन मिळतो, म्हणजे प्रत्येक नव्या पेशीत दोन्ही पालकांचं एकेक केंद्रक पडावं. इथे दोन जागा, प्रत्येकीत एक टोकन, इतकं पुरतं. पण झाडांच्या मुळांशी भागीदारी करून राहणाऱ्या आर्बस्क्युलर मायकोरायझाच्या बुरशीत एका अखंड पेशीद्रव्यात हजारो केंद्रकं वाहत असतात. 'या प्रकारची किती, त्या प्रकारची किती' एवढंच विचारायचं असेल तर सामूहिक टोकन बरोबर. 'हे केंद्रक त्या केंद्रकापासून आलं का' हे विचारायचं असेल तर सामूहिक टोकननं तो प्रश्न आधीच पुसून टाकला आहे. अदलाबदल म्हणजे काहीच नाही, असं एकदा लिहिल्यावर वंशावळ परत येत नाही. चमकणारं प्रथिन लावून केंद्रकाचा माग काढायचा प्रयोग करायचा आणि मॉडेल मात्र सामूहिक वापरायचं, असं करू नका. २०२१ मध्ये बाएझ, जेनोव्हेसे, मास्टर आणि शुलमन यांनी दोन्ही प्रकार एकाच चौकटीत बसवणारी जाळी मांडली. काही टोकनं ओळखायची आणि काही फक्त मोजायची असतील तर तिकडे वळा.

मूळ नसलेल्या झाडाला मूळ लावणं

वंशवृक्ष आणि ओपेरॅड यांची जोडी फार आकर्षक आहे. ओपेरॅड म्हणजे अशा क्रियांची रचना: अनेक फांद्या आत, एक बाहेर, आणि एका झाडाच्या टोकाला दुसरं झाड बसवणं हीच जोडणी. बाएझ आणि ओटर यांनी वंशवृक्षांचा ओपेरॅड नीट मांडला आहे. पण ओपेरॅडच्या झाडाला मूळ लागतंच, आणि सिक्वेन्सवरून नेहमीच्या, काळाच्या दोन्ही दिशांना सारख्याच चालणाऱ्या मॉडेलनं काढलेल्या झाडाला मूळ नसतं. मूळ कुठेही सरकवलं तरी संभाव्यतेचा आकडा बदलत नाही, हे फेल्सेन्स्टाइन यांनी १९८१ मध्येच दाखवलं. सॉफ्टवेअरनं चित्र काढताना कुठून तरी सुरुवात करायची म्हणून जी फांदी डावीकडे काढली ती मूळ नव्हे. बाहेरचा गट घेऊन मूळ ठरवा, आणि कोणता गट घेतला ते बाणासोबत लिहा. तसा गट मिळत नसेल तर सायक्लिक ओपेरॅड वापरा. तिथे आत आणि बाहेर असा भेदच नसतो.

वनस्पतींमध्ये दुसरी अडचण: फांद्या परत जुळतात. पोळीचा गहू घ्या. त्याच्यात गुणसूत्रांचे सहा संच, तीन पूर्वजांकडून आलेले. दोन वंश एकत्र येऊन नवा वंश सुरू झाला, तेही दोनदा. ओपेरॅडचं झाड एका दिशेला फक्त फाटतं, दोन फांद्या परत मिळाल्या तर त्याच्याकडे ते लिहायला जागा नाही. अनेक आत, अनेक बाहेर चालणारं प्रॉप घ्या.

काही छोट्या, पण आठवडे खाणाऱ्या चुका

फायटॉफ्थोरा आणि पिथियमला बुरशी समजणं. दिसतात तशाच, पण त्या ऊमायसीट्स, तपकिरी शैवालांच्या बाजूच्या. त्या स्टेरॉल स्वतः बनवत नाहीत, म्हणून बुरशीच्या अर्गोस्टेरॉलवर घाव घालणारी अॅझोल गटातली औषधं त्यांच्यावर चालत नाहीत. औषध लागू पडलं नाही म्हणून 'प्रतिकारक्षम स्ट्रेन' असा निष्कर्ष काढण्याआधी हे बघा. खुद्द बुरशीही वनस्पतींपेक्षा प्राण्यांना जवळची आहे. 'वनस्पती आणि बुरशी' हे विभागाचं नाव असतं, वंशाचं नव्हे.

एकाच प्लेटवरून पुढे पुढे कल्चर करत राहणं. दहाव्या प्लेटवरची बुरशी पहिल्या प्लेटवरचीच, हाही एक 'सारखं आहे' असा दावाच आहे, आणि बीजाणू धरणं बंद झालं की तो कोसळतो. पहिल्या आठवड्यातच ग्लिसरॉलमध्ये घालून उणे ८० अंशांवर साठा ठेवा.

मायकोरायझाच्या प्रयोगात कंट्रोल म्हणून नुसती निर्जंतुक माती वापरणं. बुरशीसोबत तिचे जीवाणूही गेलेले असतात. कंट्रोलमध्ये मारलेलं इनॉक्युलम (बुरशी असलेली, कुंडीत मिसळायची माती) आणि जिवंत इनॉक्युलमचं बारीक गाळून घेतलेलं पाणी, दोन्ही घाला.

पहिल्याच पानावर अनंत-कॅटेगरी. दोन मॉडेल सीमेवर चिकटवायची असतील तर पुशआउट (सामाईक भागावर दोन वस्तू चिकटवायची रचना) लागतो, तो आयसोमॉर्फिझमपुरताच ठरलेला असतो, म्हणून जोडणी काटेकोर न राहता बायकॅटेगरी (जिथे जोडणीचे कंस फक्त आयसोमॉर्फिझमपुरते जुळतात) मिळते. गणितज्ञ बेनाबू यांनी १९६७ मध्ये दिलेली ही कल्पना आपल्यापैकी बहुतेकांना पुरते. पातळी वर न्या ती तेव्हाच, जेव्हा त्या वरच्या पातळीवरचा फरक प्लेटवर कुठं दिसेल हे सांगता येईल.

आणि आपणच पहिले असं समजणं. रॉबर्ट रोझेन यांनी १९५८ मध्ये पेशीचं चयापचय आणि दुरुस्ती कॅटेगरीच्या बाणांत मांडली होती. त्यांची रचना कुठं अडते हे आधी समजून घ्या: स्वतःची प्रत काढण्यासाठी एका मूल्यमापनाच्या बाणाला उलटं करता यावं लागतं, आणि पेशीत त्या अटीचा अर्थ काय, हे सांगणं अवघड आहे.

चौकोन जुळत नाही तेव्हा

एकच मूळ घ्या. अर्ध्याचे तुकडे अगारवर (प्लेटमधल्या पोषक थरावर) ठेवा, जे उगवेल त्याचं सिक्वेन्सिंग करा. उरलेल्या अर्ध्यातून थेट डीएनए काढा. दोन वाटांनी दोन याद्या येतात (कॅटेगरीत अशा दोन वाटांच्या आकृतीला चौकोन म्हणतात), आणि त्या जुळत नाहीत. नवीन विद्यार्थी इथे हबकतो आणि दोन्हींची सरासरी काढल्यासारखी एक तिसरी यादी बनवतो. ती कशाचीच यादी नसते.

या चौकोनानं जुळायलाच नको. आर्बस्क्युलर मायकोरायझाची बुरशी जिवंत मुळाशिवाय साध्या अगारवर वाढत नाही, म्हणजे ती पहिल्या यादीत येणारच नाही. भराभर वाढणाऱ्या बुरशी प्लेट व्यापून टाकतात आणि हळू वाढणाऱ्या मागे पडतात. म्हणून दोन वाटांच्या मध्ये बरोबरीचं चिन्ह घालू नका, दिशा असलेला द्वितीय पातळीचा बाण घाला: प्लेटवर उगवलेली यादी थेट यादीत सामावलेली असावी. बरोबरी मागितली असती तर प्रत्येक प्रयोग नापास झाला असता. दिशा मागितली की प्रयोग काहीतरी सांगू लागतो. थेट यादीत जास्त नावं आली तर ठीक, तेच अपेक्षित आहे.

उलटं झालं, म्हणजे प्लेटवर एखादी बुरशी उगवली आणि थेट यादीत तिचं नावच नाही, तर दोन गोष्टी शक्य आहेत. प्राइमर तिला चुकवतो आहे, किंवा ती मुळातून आलेलीच नाही. पहिलं तपासायला त्या प्लेटवरच्या बुरशीचा डीएनए त्याच प्राइमरनं वाढवून बघा, अर्ध्या दिवसाचं काम. तो व्यवस्थित वाढला तर मूळ कापताना टेबलावर उघडी ठेवलेली त्या दिवशीची रिकामी प्लेट बाहेर काढा आणि तिच्यावर त्याच बुरशीचा ठिपका आहे का ते बघा.